कीटकशास्त्रज्ञ आणि कीटक-संग्राहकांची चरित्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आमचा एक छोटा वाचनगट आहे. किडे, फुलपाखरं, मधमाश्या यांच्यामागे आयुष्य घालवलेल्या माणसांची चरित्रं आणि आत्मचरित्रं आम्ही वाचतो. वाई, कराड, तासगाव, सांगलीकडून त्याबद्दल फोन येतात आणि बहुतेक वेळा प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

मला किड्यांची किळस येते. तरीही ही पुस्तकं वाचावीत का?

हो. या आयुष्यांत गरिबी आहे, मोडलेले संसार आहेत, भर समुद्रात पेटलेली बोट आहे, श्रेयावरून झालेली भांडणं आहेत. झुरळ बघून खुर्चीवर चढणारे दोघंतिघं आमच्या गटातही आहेत.

फक्त वाचताना दोन गोष्टी विचारत राहा : हा किडा प्रत्यक्षात पकडला कुणी, आणि पैसे कुणाचे? चांगल्या चरित्रात याची उत्तरं सापडतात. बाकीच्या आरत्या.

सुरुवात कुठून करू?

फाब्रपासून. झाँ-आंरी फाब्र (१८२३–१९१५) हा दक्षिण फ्रान्समधला, गरीब शेतकरी घरातला शाळामास्तर. मुलींच्या वर्गात फुलांचं फलन कसं होतं ते शिकवलं म्हणून गावातल्या सोवळ्या मंडळींनी गहजब केला, घरमालकिणींनी घर सोडायला लावलं. तेव्हा त्याला कर्ज दिलं ते तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी. पुढं पोट भरलं ते शालेय पाठ्यपुस्तकं लिहून. १८७९ मध्ये, पंचावन्नी उलटल्यावर, सेरिन्यां गावात त्याला एक खडकाळ, काटेरी माळ विकत घेता आला. पीक येत नाही म्हणून लोकांनी टाकून दिलेली जमीन. त्याला नेमकी तीच हवी होती, कारण तिथं गांधीलमाश्या भरपूर. ‘सुव्हनिर आंतोमोलोजिक’ या नावाचे त्याचे दहा खंड १८७९ ते १९०७ या काळात निघाले. आत्मचरित्र आणि निरीक्षणं त्यांत इतकी मिसळली आहेत की वेगळं चरित्र नाही वाचलं तरी चालतं. लग्रो यांनी लिहिलेलं चरित्र १९१३ मध्ये, फाब्र हयात असतानाच आलं. लेखक भक्त आहे, हे ध्यानात ठेवून वाचा.

‘पकडलं कुणी’ हा प्रश्न फाब्र स्वतःच मिटवतो. पवित्र मानला गेलेला शेणकिडा अंडं नेमकं कुठं घालतो हे त्याला वर्षानुवर्षं उलगडत नव्हतं. एका धनगराच्या पोरानं जमिनीखालून शेणाचा एक गोळा काढून आणून दिला, नासपतीच्या आकाराचा, एका टोकाला निमुळता. अंडं त्या निमुळत्या टोकात होतं. फाब्रनं त्या पोराचं श्रेय मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे.

एकामागोमाग चालत राहून मेलेल्या सुरवंटांची गोष्ट फाब्रचीच का?

गोष्ट त्याचीच, पण व्हॉट्सअॅपवर आणि प्रेरणादायी व्याख्यानांत ती सांगतात तशी नाही. पाइनच्या झाडावरचे हे सुरवंट रांगेत चालतात. पुढचा रेशमाचा धागा सोडतो, मागचा त्यावरून जातो. फाब्रनं एक रांग मोठ्या कुंडीच्या कडेवर गोल फिरू दिली, कुंडीवर येणारा धागा पुसून टाकला आणि वर्तुळ पूर्ण झालं. सुरवंट आठवडाभर फिरत राहिले. थंडीच्या रात्री ते गारठून एकमेकांना चिकटून बसत आणि उजाडलं की पुन्हा चालू लागत. व्याख्यानांत ते इथं उपाशी मरतात. फाब्रच्या पुस्तकात आठव्या दिवशी काही जण कडेवरून खाली उतरतात, त्यांच्या धाग्यावरून बाकीचे उतरतात आणि संध्याकाळपर्यंत सगळे आपल्या घरट्यात परत. मूळ पुस्तक वाचायचं ते यासाठी.

साताऱ्याशी संबंध असलेला कुणी आहे का?

आहे, आणि साताऱ्यात त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन १८५१ मध्ये साताऱ्यात जन्मला. वडील स्कॉटिश मिशनरी. मुंबई विद्यापीठातून पदवी घेतली, काही वर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलं आणि मग जकात व मीठ खात्यात नोकरी धरली. नोकरी फिरतीची, त्यामुळं कारवारपासून सिंधपर्यंतचे किडे-पाखरं बघायला मिळाली. लिहायचा तो ‘ई.एच.ए.’ या आद्याक्षरांनी. १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, त्यातला हा एक. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघं मराठी डॉक्टर होते, हेही लक्षात असू द्या.

त्याचं ‘ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ १८८३ चं. धुळीनं भरलेल्या एका काल्पनिक गावातल्या बंगल्यात, मुंग्या, डास, कोळी, उंदीर या ‘सरहद्दीवरच्या टोळ्यांशी’ साहेबाचं परराष्ट्र धोरण काय, असा सगळा थाट. ब्रिटिश सरकारच्या सरहद्द-धोरणाची ही टिंगल तेव्हाच्या वाचकाला लगेच कळत असणार. आजही हसू येतं. देशावर उन्हाळा काढलेल्या माणसाला त्यातली धूळ, पंखा आणि दिव्याभोवतीचे किडे ओळखीचे वाटतात. ‘अ नॅचरलिस्ट ऑन द प्राउल’ (१८९४) जास्त शांत आणि माझ्या मते जास्त चांगलं.

‘बिहाइंड द बंगलो’ (१८८९) मात्र सावध होऊन वाचा. विषय घरातले नोकर : बटलर, हमाल, धोबी वगैरे. मुंगीकडं बघायला त्याच्याकडं जी सबुरी आहे ती हमालाकडं बघताना उरत नाही, आणि ते टोचतं. टोचावंच. त्याच हमालानं कंदिलाभोवतीचे किडे बाटलीत भरून दिले असतील का, हा प्रश्न पुस्तक बंद केल्यावरही राहतो.

हिवतापाचे डास शोधतानाही एटकिननं काम केलं. एका डासाच्या जातीला ‘अॅनोफिलिस एटकिनाय’ असं त्याचं नाव मिळालं. १९०९ मध्ये एडिंबरात तो गेला. त्याच्या मृत्यूनंतर, १९१४ मध्ये ‘कन्सर्निंग अॅनिमल्स अँड अदर मॅटर्स’ निघालं. सुरुवातीला बॅनरमन यांनी लिहिलेला त्याचा जीवनपट आहे. छोटा असला तरी माणूस उभा राहतो.

या क्षेत्रात बायका होत्या का?

अगदी पहिल्या रांगेत. मारिया सिबिला मेरियन, जन्म १६४७, फ्रँकफर्ट. तेरा वर्षांची असताना तिनं रेशीमकिडे पाळले. चिखलातून किडे आपोआप निपजतात असं लोक तेव्हा सर्रास मानत, आणि ही मुलगी अंडं, अळी, कोष, पतंग हा सगळा प्रवास एका पानावर, त्या अळीच्या खाद्यझाडासकट रंगवत होती. पुढं नवऱ्यापासून वेगळी झाली, आपली चित्रं विकून पैसा उभा केला आणि १६९९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन बोटीनं दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममध्ये गेली. राजाश्रय नाही, सरकारी मोहीम नाही. तब्येत ढासळल्यावर १७०१ मध्ये परत आली. सुरीनामच्या कीटकांवरचं तिचं भव्य चित्रमय पुस्तक १७०५ चं.

त्या पुस्तकातल्या एका पानावर थांबा. त्यावर आपला शंकासूर आहे, साताऱ्यात कुणाच्याही परसात असतो तोच लाल-पिवळा. त्यावर एक अळी आणि तिचा पतंग. सोबतच्या मजकुरात मेरियन लिहिते की डच मळ्यांवरच्या गुलाम बायका या झाडाच्या बिया गर्भ पाडण्यासाठी वापरतात, आपली मुलं गुलाम म्हणून जन्माला येऊ नयेत म्हणून; आणि हे त्यांनी स्वतः मला सांगितलं. किड्याच्या चित्राखाली हे वाक्य येतं. त्या बायकांची नावं मात्र तिनं दिलेली नाहीत. जंगलात तिच्यापुढं कुऱ्हाडीनं वाट काढणारेही गुलामच होते.

तिच्यावर किम टॉड यांचं ‘क्रिसॅलिस’ (२००७) सहज वाचता येतं. इतिहासाची आवड असेल तर नॅटली झेमन डेव्हिस यांचं ‘विमेन ऑन द मार्जिन्स’ (१९९५) घ्या. सतराव्या शतकातल्या तीन स्त्रियांपैकी एक मेरियन आहे, आणि गुलामगिरीचा प्रश्न तिथं टाळलेला नाही.

दुसरी मार्गारेट फाउंटन (१८६२–१९४०). तिची साधारण २२,००० फुलपाखरं नॉरिच कॅसल म्युझियममध्ये आहेत. सोबत तिनं एक कुलूपबंद पेटी ठेवली : १५ एप्रिल १९७८ च्या आधी उघडू नये. पेटीत बारा खंडांची रोजनिशी निघाली, त्यात फुलपाखरं आणि प्रेमप्रकरणं दोन्ही. दमास्कसमध्ये भेटलेला खलील नेमी हा सीरियन दुभाष्या तिचा वर्षानुवर्षांचा साथीदार. जाळं त्यानंही तितकंच फिरवलं. संग्रहाला तिनं दोघांचं नाव दिलं, ‘फाउंटन-नेमी संग्रह’. इतका प्रामाणिकपणा त्या काळच्या साहेब संग्राहकांत क्वचितच दिसतो. १९८० मध्ये छापलेल्या ‘लव्ह अमंग द बटरफ्लाइज’ या निवडीत संपादकाचा डोळा प्रेमाकडं जास्त आहे, किड्यांकडं कमी.

लंडन प्राणिसंग्रहालयाच्या कीटकघराची पहिली स्त्री अभिरक्षक एव्हलिन चीझमन हिचं ‘थिंग्ज वर्थ व्हाइल’ (१९५७) हेही मिळालं तर सोडू नका. न्यू गिनीच्या जंगलात एकटी हिंडणारी, विनोदी बाई.

किडे जमवून पोट भरतं का?

एकोणिसाव्या शतकात भरत असे, कसंबसं. आल्फ्रेड रसेल वॉलेस आणि हेन्री वॉल्टर बेट्स हे दोघं साधे, नोकरी करणारे तरुण १८४८ मध्ये अॅमेझॉनला गेले. लंडनमध्ये सॅम्युएल स्टीव्हन्स हा त्यांचा दलाल. इकडून पेटारे पाठवायचे, तिकडं तो संग्राहकांना आणि संग्रहालयांना विकायचा, त्यातून पुढचा खर्च. १८५२ मध्ये परतताना वॉलेसच्या जहाजाला भर समुद्रात आग लागली. खासगी संग्रह आणि बहुतेक वह्या-चित्रं गेली आणि दहा दिवस होडीत काढावे लागले. स्टीव्हन्सनं मालाचा २०० पौंडांचा विमा उतरवून ठेवला होता म्हणून निभावलं.

तरी दोन वर्षांत गडी पुन्हा निघाला. १८५४ ते १८६२ मलय द्वीपसमूहात. ‘द मलय आर्किपेलागो’ (१८६९) हे त्या वर्षांचं पुस्तक. एकूण १,२५,६६० नमुने, त्यांतले ८३,००० वर नुसते भुंगेरे. बाचान बेटावर एक सोनेरी-नारिंगी फुलपाखरू जाळ्यातून काढताना त्याचं काळीज इतकं धडधडलं की मरण समोर असतानाही कधी इतकी घेरी आली नव्हती, असं तो लिहितो. दिवसभर डोकं दुखत राहिलं. आणि हे सगळं एकट्यानं नाही. सारावाकचा अली हा पोरगा आधी स्वयंपाकाला होता, पुढं त्याचा मुख्य मदतनीस झाला. वॉलेसनं त्याचं ऋण नोंदवलं आहे, फोटोही छापला आहे.

बेट्स अकरा वर्षं तिकडंच राहिला. ‘द नॅचरलिस्ट ऑन द रिव्हर अॅमेझॉन्स’ (१८६३) मला वॉलेसच्या पुस्तकापेक्षा आवडतं, कारण त्याला घाई नाही. विषारी फुलपाखराचं रूप घेऊन निरुपद्रवी फुलपाखरू पक्ष्यांपासून वाचतं, हा त्याचा शोध आजही त्याच्याच नावानं ओळखला जातो.

आणि श्रीमंतांचे संग्रह?

त्यात रॉथ्सचाइल्ड घराणं. वॉल्टर (१८६८–१९३७) यानं वीस लाखांवर फुलपाखरं आणि पतंग जमवले आणि गाडीला झेब्रे जुंपले. त्याची पुतणी मिरियम हिचं ‘डिअर लॉर्ड रॉथ्सचाइल्ड’ (१९८३) घरातल्या माणसानं लिहिलेलं, तरी लपवाछपवी नसलेलं पुस्तक आहे.

आपल्या दृष्टीनं महत्त्वाचा मात्र तिचा बाप, चार्ल्स. बँकेत काम करणारा आणि पिसवांच्या नादी लागलेला. सुदानमधल्या शेंडी इथं मिळालेल्या एका पिसवेला त्यानं १९०३ मध्ये नाव दिलं, पिरॅमिडवाल्या किओप्स राजाचं. तीच पुढं प्लेगची मुख्य वाहक ठरली. सातारा जिल्ह्यात प्लेगनं माणसं गेली, नायगावच्या सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. तेव्हा उंदरावरून माणसापर्यंत हा रोग येतो कसा हेच ठाऊक नव्हतं. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं पिसवेकडं बोट दाखवलं, तर वर्षानुवर्षं कुणी मानलं नाही. एका बँकवाल्याच्या खुळ्या छंदाचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की आम्ही ही गोष्ट सांगतो.

आम्ही तासगावकडचे द्राक्षबागायतदार. आमच्या उपयोगाचं काही?

चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली. जन्म १८४३, लंडन. सतराव्या वर्षी अमेरिकेत. मिसुरी राज्याचा कीटकशास्त्रज्ञ असताना त्यानं टोळधाडीचा अभ्यास केला आणि फ्रान्सच्या द्राक्षबागा मुळांवरच्या ज्या किडीनं उजाड होत होत्या, त्या फायलॉक्झेराच्या तपासात मोठा वाटा उचलला. उपाय निघाला तो अमेरिकी जंगली वेलाच्या मुळावर फ्रेंच द्राक्षाचं कलम. तुम्ही डॉगरिजच्या खुंटावर कलम करता ते पाण्याच्या ताणासाठी आणि खारवट जमिनीसाठी, फायलॉक्झेरासाठी नव्हे. पण अमेरिकी खुंट आणि वर आपलं द्राक्ष ही रीत तिथली. रायलीचं सविस्तर चरित्र सोरेन्सन आणि स्मिथ दांपत्यानं लिहिलं, २०१९ मध्ये आलं. जाडजूड आहे.

त्यातला कॅलिफोर्नियाच्या संत्र्यांचा भाग आधी वाचा. ऑस्ट्रेलियातून आलेल्या खवले किडीनं बागा पांढऱ्या पडल्या होत्या. १८८८ मध्ये रायलीनं आपल्या हाताखालच्या अल्बर्ट कोबेले याला तिच्या शत्रूच्या शोधात ऑस्ट्रेलियाला धाडलं. किडे शोधायला परदेशी जायचा खर्च सरकारी नियमात बसत नव्हता, म्हणून मेलबर्नच्या प्रदर्शनाचं निमित्त करून. त्यानं पाठवलेल्या लेडीबर्ड ढालकिड्यांनी बागा साफ केल्या आणि मग श्रेय रायलीचं की कोबेलेचं यावरून जुंपली. २००२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या उसावर लोकरी मावा आला आणि पुढं डिफा व मायक्रोमस या मित्रकिडींनी त्याला आवर घातला, ते आठवत असेल तर हे प्रकरण घरचंच वाटेल.

भारतात, बिहारमधल्या पुसा इथं सरकारी कीटकशास्त्रज्ञ म्हणून आलेल्या हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय याचं ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’ (१९०९) हे चरित्र नव्हे, संदर्भग्रंथ. त्याचा शेवट मात्र फवारणी करणाऱ्या प्रत्येकानं ऐकावा : १९२५ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत कीटकनाशक वायूचे प्रयोग करताना त्याच वायूनं तो गेला.

मधमाश्यांवर?

महाबळेश्वरच्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या बघितलेल्यांना फ्रांस्वा ह्यूबर (१७५०–१८३१) आवडेल. तरुणपणीच आंधळा झालेला जिनिव्हाचा हा गृहस्थ. प्रश्न त्याचे, डोळे फ्रांस्वा ब्यूर्नां या नोकराचे. पुस्तकाच्या पानांसारख्या उघडणाऱ्या चौकटींची पेटी करून ब्यूर्नांनं दोन वसाहतींतली एकूण एक माशी हातात धरून तपासली, आणि राणी पोळ्याबाहेर, उडताना फळते हे या जोडीनं दाखवून दिलं. १७९२ च्या पुस्तकात ब्यूर्नांचं कौतुक आहे.

कार्ल फॉन फ्रिश यांना मधमाशीच्या नाचाच्या उलगड्यासाठी १९७३ चं नोबेल मिळालं. तान्या मुन्झ यांचं ‘द डान्सिंग बीज’ (२०१६) वाचा. आजी ज्यू वंशाची, म्हणून नाझी राजवटीत नोकरी जायची वेळ आली होती. मधमाश्यांत नोसेमा या पोटाच्या रोगाची साथ पसरली होती आणि सरकारला त्यांची गरज होती म्हणून ते वाचले.

यात भारतीय कुठं आहेत?

बहुतेक पुस्तकांत ऋणनिर्देशात किंवा तिथंही नाही. हिवताप डासांमुळं पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्या आठवणी (१९२३) चाळा : डासांना स्वतःचं रक्त पाजणारा हुसेन खान आणि प्रयोगशाळेतला मदतनीस महंमद बक्ष ही नावं तरी भेटतात. स्वतःच्या नावानं उभा राहिलेला माणूस बघायचा तर बंगालचे गोपालचंद्र भट्टाचार्य (१८९५–१९८१). मुंग्या आणि मासे पकडणाऱ्या कोळ्यावर त्यांनी काम केलं आणि लिहिलं ते लोकांच्या भाषेत, बंगालीत. ‘बांग्लार कीटपतंग’ला १९७५ चा रवींद्र पुरस्कार मिळाला. असा ग्रंथ मराठीत सह्याद्रीवर कुणीतरी लिहायला हवा, हे आमचं जुनं रडगाणं.

मुलीला दहावीच्या सुट्टीत काय देऊ?

ई. ओ. विल्सन यांचं ‘नॅचरलिस्ट’ (१९९४). लहानपणी माशाचा काटा लागून एका डोळ्याची दृष्टी गेली, बारीक आवाज ऐकू येत नव्हते. पक्षी जमेनात म्हणून जवळ धरून बघता येतील अशा मुंग्या निवडल्या. इंग्रजी सोपं आहे. त्याआधी डार्विनच्या आत्मचरित्रातला एक परिच्छेद वाचून दाखवा : दोन्ही हातांत दोन भुंगेरे, तिसरा नवा दिसला, म्हणून एक तोंडात टाकला; त्यानं असा काही जहाल रस सोडला की थुंकावा लागला आणि तिसराही निसटला. पुढचं ती स्वतः वाचेल.

हे वाचून जाळं घेऊन कासला जावं का?

नको. तिथं आणि चांदोली, सागरेश्वरला काहीही पकडायची परवानगी नाही, शिवाय कित्येक फुलपाखरांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. जुने संग्राहक टाचण्या टोचत ते ओळख पटवायला दुसरा मार्ग नव्हता म्हणून; कधी निव्वळ हावेपोटीही. तुमच्या खिशात फोन आहे. परसातली एक अळी तिच्याच झाडाच्या पाल्यावर, जाळी लावलेल्या बरणीत वाढवा, रोज पाला बदला, तारीख लिहा आणि पतंग निघाला की सोडून द्या. मेरियननंही अळ्या अशाच वाढवल्या.

पुस्तकं मिळतात कुठं? मराठीत?

फाब्रचे इंग्रजी अनुवाद, एटकिन, वॉलेस, बेट्स, ह्यूबर हे सगळे स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत. प्रोजेक्ट गुटेनबर्ग, इंटरनेट अर्काइव्ह आणि बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ठिकाणी फुकट उतरवून घेता येतात. मेरियनची पानं तिसऱ्या ठिकाणी मोठी करून बघा. नवी चरित्रं विकत घ्यावी लागतात आणि महाग पडतात. आम्ही तिघंचौघं मिळून एक प्रत घेतो. मराठीत पार्श्वभूमीसाठी वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशातल्या कीटकांवरच्या नोंदी वाचा, त्या ऑनलाइन मोफत आहेत.

जुन्या प्रतीला कसर लागली आहे. काय करू?

कसर खळीवर आणि दमट कागदावर जगते. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आतली थंडी जाऊ द्या. मग मऊ ब्रशनं पान पान झाडा. सांगलीत २०१९ च्या पुरात भिजलेली पुस्तकं अजून कपाटात असतील तर ती आधी वेगळी काढा, बुरशी शेजारच्या पुस्तकांवरही जाते. उन्हात सरळ टाकू नका, कागद ठिसूळ होतो.